बसलेल्या आवाजाचा किस्सा

आमच्या घराण्यात (घराणं म्हणजे गाण्याचं नव्हे, नुसतं आडनावाचं) कुठलंही लग्न असो, हळदीच्या संध्याकाळी जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "दादा, तो किस्सा होऊन जाऊ द्या." मग मी आढेवेढे घेतो. आढेवेढे हा किश्श्याचाच भाग आहे. मग एखाद्या भाचीची ओढणी खांद्यावर टाकून प्लास्टिकच्या खुर्चीवर चढतो आणि माझी धाकटी बहीण भर नाट्यगृहात कशी गायला उभी राहिली, ते करून दाखवतो. हात पसरतो, डोळे मिटतो, सूर चढवत नेतो, नरड्याच्या शिरा फुगेपर्यंत, पार वर, आणि तिथं एकदम आवाज बंद. नुसतं तोंड उघडं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. मंडळी लोळतात. शेवटचं वाक्य ठरलेलं आहे, ते पोरंसुद्धा माझ्याबरोबर म्हणतात: "माइक चालू, लाइट चालू, पंखे चालू, आणि आमची बाई बंद!"

हा किस्सा मी बारा वर्षं सांगत आलो. त्यातले पंखे खरे आहेत, लाइट खरे आहेत. माइक चालू नव्हता. तो मी बंद केला होता.

बारा वर्षांनी ही उपरती कशी झाली, ते सांगतो. पण मला सरळ सांगता येत नाही, हा जुना आजार आहे. थोडं मागं जावं लागेल, पार भोंग्यापर्यंत.

आम्ही बजाजनगरात राहायचो, दोन खोल्यांत. वडील, म्हणजे नाना, वाळूजच्या एका कंपनीत तीन पाळ्यांत कामाला. दुपारच्या पाळीचा भोंगा व्हायचा तेव्हा आमच्या गल्लीतले सगळे डबे एकदम सायकलींना लटकायचे. धाकटी तेव्हा सात वर्षांची, मी पंधराचा. तिला तो भोंगा जसाच्या तसा काढता यायचा. खालून हळूहळू उचलायची, वर नेऊन धरायची, पोटात हवा कुठून आणायची देव जाणे, आणि मग कंपनीचं बटण सोडल्यासारखी खाली उतरायची. एकदा मी तिला चिंचेच्या गोळ्या कबूल केल्या आणि खऱ्या भोंग्याच्या अर्धा तास आधी गच्चीवर उभं केलं. तिनं सूर लावला. चार घरांतून चार माणसं डबे घेऊन धावत बाहेर. आमचे नाना अर्ध्या जेवणावरून उठले, शर्ट उलटा घातला आणि कोपऱ्यापर्यंत पोचले. मग सगळे एकमेकांकडं बघत उभे. शेजारची काकू म्हणाली, "पोरगी हाय का कंपनी?"

मार मला पडला. बरोबरच होतं. आवाज तिचा होता, पण त्यावर लोकांना हसवायचा धंदा तेव्हापासूनच माझा होता.

तिची शाळा छावणीत. तिथं गाणं शिकवायला एक बाई यायच्या. आयुष्यभर नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या, बोलायला अस्सल जालन्याकडच्या. त्यांनी एकदा ग्राउंडच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या मैत्रिणीला हाक मारणारी धाकटी ऐकली आणि रविवारी थेट घरी आल्या. खाटेवर बसून चहा घेतला आणि आईला म्हणाल्या, "ह्या पोरीचा आवाज वरचा आहे. शिकवला नाही तर वाया जाईल. चुकीचा शिकवला तर फाटेल."

आई घाबरली. म्हणाली, "आमच्यात कुनी गात नाय हो बाई."

"हळदीला म्हणता ना?"

"ते काय गानं हाय व्हय? ते आपलं बायांचं, हळद दळताना."

"तेच म्हणा बघू."

आईनं लाजत दोन ओळी म्हटल्या. धाकटीनं तिसरी तिच्याही वरून उचलली. बाईंनी कप खाली ठेवला.

तेव्हापासून दर शनिवारी तिला मोपेडवर मागं बसवून नगर नाक्यावरून छावणीत नेणं हे माझ्या गळ्यात पडलं. ती आत. मी बाहेर, कडुलिंबाखाली. खिडकीतून नुसते स्वर यायचे, आ ए ई ओ ऊ, वर वर जाणारे, शब्द नसलेले. त्यानंतर शब्द आले तर ते इटालियन. अख्ख्या बजाजनगरात इटालियनमध्ये गाणारी एकच मुलगी होती आणि तिला मोपेडवर आणणारा एकच गाढव. मित्रांनी विचारलं, कुठं जाता रे दर शनिवारी? मी सांगायचो, टायपिंगच्या क्लासला. दहावीपर्यंत ती टायपिंगच शिकत होती. त्या हिशेबानं आज तिनं कलेक्टर कचेरी एकटीनं चालवायला हवी होती.

तिचं पुढचं आयुष्य मी लांबून बघितलं. बाईंनी पुण्यातल्या एका शिक्षिकेला चिठ्ठी दिली. ही पुण्याला गेली, सकाळी शाळेत नोकरी आणि संध्याकाळी गाणं. मग मुंबईत एका मोठ्या गायकवृंदात, मागच्या रांगेत, काळ्या साडीत. मग शिष्यवृत्ती मिळवून दोन वर्षं जर्मनीला. परत आली तेव्हा आईला स्वेटर आणला आणि मला माइकची केबल. लोक परदेशातून अत्तर आणतात, चॉकलेटं आणतात. हिनं दहा मीटर केबल आणली, कारण तिला ठाऊक होतं की तिच्या भावाला अत्तरातलं काही कळत नाही. ती केबल मी अजून वापरतो. चांगली केबल आहे.

कारण एव्हाना मी साउंडवाला झालो होतो. लग्नं, सभा, कीर्तनं, कव्वाल्या, जे येईल ते. भागीदारीत एक पडेगावचा माणूस. वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कानाच्या तयारीनं चाळीस. सगळे त्याला भाई म्हणतात, मीही.

धाकटीनं मला समजावून सांगितलं होतं, "बायकांच्या आवाजात सगळ्यात वरचा जो असतो ना दादा, तो माझा. सोप्रानो. आणि तिकडचा शास्त्रीय गळा घेऊन मी इकडचं गाते, आईचं हळदीचं गाणंसुद्धा. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात." मी मान हलवली. बाहेर मात्र कुणी विचारलं की सांगायचो, "गाते, भावगीतं वगैरे." ह्या "वगैरे"मध्ये मी तिची वीस वर्षांची मेहनत कोंबायचो.

मग बारा वर्षांपूर्वी इथल्या एका मंडळानं तिचा कार्यक्रम ठेवला. तिचा आपल्या गावातला पहिलाच. साउंड माझा. पहिल्या दोन रांगा आमच्या माणसांच्या. अजिंठ्याहून मोठा मामा जीप भरून आला होता, मामी, मावश्या, दोन शेजारी आणि जीपचा ड्रायव्हर. "भाची गानार," म्हणून गावात दवंडी पिटायची तेवढी बाकी ठेवली होती त्यानं.

पहिलं गाणं इटालियन. मंडळींनी देवळात संस्कृत ऐकावं तसं ऐकलं, हात जोडायचेच काय ते राहिले. दुसरं हळदीचं. सुरुवात आई करायची तशीच, साधी, खालची. बायकांच्या माना वर झाल्या. मावशी तर गुणगुणायला लागली. आई पहिल्या रांगेत पुढं सरकून बसली. आणि मग धाकटीनं ते गाणं उचललं. तोच सूर, पण जात्यावरून उठून आढ्याला गेला, तिथून आणखी वर, आणि शेवटच्या सगळ्यात उंच सुरावर ती जाऊन उभी राहिली.

मामा हसत मोठ्यानं म्हणाला, "आता हिला कामून इंगळी डसली?"

पहिली रांग फुटली. मला मागून नुसते खांदे दिसत होते, हलणारे. मावशीनं तोंडात पदर कोंबला. एका मंगल कार्यालयाचे मालक, ज्यांच्याकडं माझं वर्षभर काम चालायचं, ते वळून माझ्याकडं बघून हसले. वाईट नव्हते हसले. "तुमचीच ना?" असं हसले.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. माइक आणि स्पीकर एकमेकांसमोर आले की माइक शिट्टी मारतो. ती शिट्टी ऐकू आली की साउंडवाल्याचा हात आपोआप त्या माइकच्या सरकत्या बटणावर जातो आणि बटण थोडं खाली घेतो. थोडं. केसभर. शिट्टी मारणारा माइक कुणी पार बंद करत नाही.

मी धाकटीचं बटण पार तळाला ओढलं.

बाईंनी तिला भिंती हलवायला शिकवलं होतं, एरवी माइकशिवायसुद्धा ती पोचली असती. पण की-बोर्ड आणि तबला मोठ्या स्पीकरवर होते, त्यांच्याखाली ती दबली. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून (त्याला मॉनिटर म्हणतात) तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, तो अचानक गेला. मी मागून, मिक्सरपाशी बसून बघितलं. तोंड उघडं, हात पसरलेले, आणि मग तिनं उजवा हात हळूच गळ्याला लावला. खोलीतला दिवा गेल्यावर आपण भिंत चाचपतो तसा.

तेवढ्यात भाईचा हात माझ्या हातावरून आला आणि त्यानं बटण वर केलं. पण तिनं सूर सोडला होता. माइकमध्ये म्हणाली, "माफ करा, आवाज जरा बसलाय." पाणी प्यायली. शेवटचं कडवं खालच्या पट्टीत घेऊन संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरगं पडल्यावर "नाही लागलं, नाही लागलं" म्हणतात त्या चालीवर.

कार्यक्रम संपल्यावर ती पडद्यामागं माझ्याकडं आली. शेजारी मंडळाचे सेक्रेटरी उभे, हातात पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमांची यादी. तिनं हळू विचारलं, "दादा, माइक गेला होता का रे?"

दोनच उत्तरं होती. माइक गेला होता म्हणावं, तर सेक्रेटरींसमोर माझं साउंड बदनाम. मी ओढला म्हणावं, तर मी बदनाम. मी तिसरं दिलं. "माइकला काय धाड भरली? माइक चालू होता."

"मग माझाच गेला," ती म्हणाली, आणि मान हलवली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या दंडावर थोपटलं. मला वाटतं, आपल्यामुळं भावाला खाली बघावं लागलं असं तिला वाटलं.

टेम्पोत सामान भरताना भाई केबल गुंडाळत होता, ती जर्मनीची. म्हणाला, "मियाँ, वो माइकने सीटी नै मारी थी."

मी म्हणालो, "तुला ऐकू आली नसेल."

"मेरेकू?" तो म्हणाला. मग तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

त्यानंतर धाकटी आपल्या गावात गायली नाही. पुण्या-मुंबईत, बंगलोरला, दुबईला गायली. हळदीचं ते गाणंही गायली, पण दीड सूर खाली, आणि शेवट गोल करून. तिचे व्हिडिओ मी मोबाइलवर बघतो. गाण्यातलं मला फार कळत नाही, पण पट्टी कळते. साउंडवाल्याला ती कळावीच लागते. त्या उंच सुरापाशी आली की ती बाजूनं निघून जायची. रस्त्यात खड्डा असल्याचं ठाऊक असलेला माणूस वळतो तशी.

एकदा फोनवर म्हणाली, "घशाच्या डॉक्टरला दाखवलं. नळी घालून बघितलं. म्हणाले, गळ्यात काहीच नाही."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "बघ. मग मनातलं असेल."

हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

किस्सा सुरू झाला तो मामामुळं. त्याच वर्षी एका लग्नात तो म्हणाला, "भाच्या, तुझ्या बहिनीनं कसं केलं रे ते, तोंड उघडं?" मी करून दाखवलं. लई हसले. लोक हसले की मला थांबता येत नाही. दुसऱ्या लग्नात ओढणी आली, तिसऱ्यात खुर्ची, चौथ्यात ते पंख्यांचं वाक्य. एका लग्नाला धाकटी स्वतः हजर होती. मी आधी तिच्याकडं बघितलं, तर तीच म्हणाली, "अरे कर की!" आणि सगळ्यांबरोबर हसली, अगदी मोकळं. पुढं तर तिच्या परवानगीचा शिक्काच मी किश्श्यावर मारून घेतला. "तिला विचारा, ती स्वतः हसते," असं सांगायचो.

भाई मात्र किस्सा सुरू झाला की उठून मांडवाबाहेर जायचा. मी समजायचो, बिडी प्यायला जातो. त्यानं बिडी सोडून किती वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं.

आणि मग ह्या हिवाळ्यात त्याच मंडळानं तिला पुन्हा बोलावलं. तिनं फोन केला. "येतेय. साउंड तूच कर, दादा. दुसरं कुणी नको." पोस्टर लागलं, त्यावर तिचा फोटो, खाली छत्रपती संभाजीनगर. मामानं अजिंठ्याहून फोन करून विचारलं, "औरंगाबादला कवा हाय मंग?" म्हणजे तोही येणार होता.

दुपारी तीनला साउंड चेक. रिकामं नाट्यगृह, खुर्च्यांवर झाडलोट चाललेली. मी तिच्यापुढं माइक लावला, ती जर्मनीची केबल जोडली. मागं मिक्सरपाशी भाई. पुण्याहून तिच्याबरोबर की-बोर्ड वाजवणारी एक मुलगी आली होती. धाकटी तिला म्हणाली, "हळदीचं दीड सूर खाली घेऊ, नेहमीसारखं."

मुलगी म्हणाली, "ताई, एकदा मूळ पट्टीत करून बघा ना. घरी रियाजात परवा लागला होता तुमचा."

"घरी लागतो गं. इथं नको. ह्याच स्टेजवर माझा आवाज गेलाय. चारशे माणसांसमोर." मग हसून माझ्याकडं वळली. "दादाला विचार, काय झक्क करून दाखवतो. दाखव ना दादा, हिला दाखव."

ती मुलगीसुद्धा आधीच हसायला लागली होती. मी उभा राहिलो. सवयीनं हात पसरले. डोळे मिटले. सूर लावायला तोंड उघडलं, आणि तो निघेना. म्हणजे किश्श्यात जे होतं तेच झालं, फक्त ह्या वेळी सोंग नव्हतं. मी तसाच, हात पसरून, म्हणालो, "माइक चालू नव्हता."

धाकटी म्हणाली, "हा नवीन शेवट आहे का?"

"मी ओढला होता. बटण."

ती अजून हसतच होती, पण आता नुसते ओठ. मागून, रिकाम्या हॉलच्या त्या टोकाकडून, भाईचा आवाज आला. "सच बोल रा, बहन. मैंनेच वापस ऊपर किया था."

ती माइककडं वळली. मग विचारलं, "किती ओढलंस?"

ती साउंडवाल्याची बहीण. बरोबर जिथं दुखतं तिथंच विचारलं.

"पार तळाला."

"शिट्टी होती?"

"नव्हती."

"मग?"

"मामा हसला." मी म्हणालो. मोठ्यानं म्हटल्यावर ते केवढंसं दिसलं. पन्नाशीचा माणूस, डोक्याला टक्कल, नाकावर चष्मा, आणि म्हणतोय मामा हसला.

"मामा हसला," तिनं परत म्हटलं, तपासून बघावं तसं. मग स्टेजच्या कडेला पाय सोडून बसली. म्हणाली, "मी तीन डॉक्टर केले, दादा. तुला एकच सांगितला होता." आणि मग, "त्या उंच सुरावर प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता जाणार. आता जाणार. बारा वर्षं."

मी तिच्याजवळ जाऊन बसायला लागलो, तर तिनं हात वर केला. तिथंच थांब, म्हणून. मी थांबलो.

रडली नाही. ओरडलीही नाही, नाहीतर भिंतींचं काही खरं नव्हतं. उठली, चपला नीट केल्या आणि सांगितलं, "आज बटणावर भाई बसतील. तू पहिल्या रांगेत. मामाच्या शेजारी." आणि की-बोर्डवालीला, "मूळ पट्टीत घे."

मी म्हणालो, "अगं, पण मॉनिटर..."

"दादा," ती म्हणाली. मी स्टेजवरून खाली उतरलो.

संध्याकाळी मी पहिल्या रांगेत बसलो. इतकी वर्षं कार्यक्रम केले, पण पुढं बसून कधी बघितला नव्हता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मामा. मामाला आता कमी ऐकू येतं, त्याच्या कानात मशीन आहे, आणि ते मशीनच मधूनमधून शिट्टी मारत होतं. मी दोनदा दचकलो. मामानं विचारलं, "आज तू हितं कामून? साउंड कुनाकडं?"

"भाईकडं."

"मंग बरं होईल," मामा म्हणाला.

हळदीचं गाणं आलं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता, तो गाण्याबरोबर दाबला जात होता. खालच्या ओळी झाल्या. मग गाणं उचललं गेलं, आढ्यापर्यंत, तिथून वर. मागं कॉलेजच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्यातली एक फिसकन हसली. दुसरी हसली. मामाची मान त्या बाजूला वळली. आणि मला जाणवलं की माझा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आहे, आणि तर्जनी आणि अंगठा मिळून ती दांडी हळूहळू माझ्याकडं ओढतायत.

बारा वर्षांनी, सगळं कबूल केल्यावर, तिच्या समोर बसून. माझा हात तोच होता.

मी तो मांडीखाली घेतला आणि त्यावर बसलो.

सूर लागला. आधी जरा कडेवरून, तिचा हात अर्धवट गळ्याकडं निघालेला मला दिसला. मग तो हात खाली गेला आणि सूर पुरता उभा राहिला. मुली हसत होत्या त्या हसायच्या थांबल्या. मामा म्हणाला, "आता गं बया!" ते कौतुक होतं का आणखी काही, मला सांगता येणार नाही. आईनं माझं मनगट सोडून डोळे पुसले. भाईनं बटणाला हातसुद्धा लावला नसणार, मला खात्री आहे.

मुक्कामाला ती घरी आली. जेवली, आईशी बोलली, माझ्या बायकोकडून वांग्याच्या भाजीची कृती लिहून घेतली. माझ्याशी बोलली ती सकाळी निघताना, गाडीत बसल्यावर. "पुढच्या लग्नात किस्सा सांगशील ना?"

"आता कशाला," मी म्हणालो.

"सांगायचा. ज्यांना ज्यांना सांगितलास त्या सगळ्यांना. पण खरा."

मागच्या महिन्यात चिकलठाण्याच्या एका कार्यालयात चुलत भावाच्या मुलीची हळद होती. जेवणं झाली. "दादा, किस्सा!" मी आढेवेढे घेतले नाहीत. ओढणी घेतली नाही. पण खुर्चीवर चढलो, कारण खाली उभा राहिलो तर मागच्यांना दिसत नाही. म्हणालो, "आज खरं सांगतो. माइक चालू नव्हता. मी तिचं बटण ओढलं. मामा हसला म्हणून. आणि तिला खोटं सांगितलं."

मग जो हशा झाला, तसा बारा वर्षांत झाला नव्हता. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. मामा गुडघ्यावर थापा मारत म्हणाला, "लई भारी! आता शेवट जमला बग भाच्या! म्हंजी मीच गुन्हेगार व्हय?" कुणीतरी मागून ओरडलं, "दादा, ओढताना हात कसा केला, परत दाखवा!"

आणि मी दाखवला.

हे लिहायचं नव्हतं, पण ती म्हणालीय, खरा. मी खुर्चीवर उभा राहून बटण कसं ओढलं ते दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा जास्त रंगवून. त्या दिवशी किस्सा सुरू झाला तरी भाई बाहेर गेला नव्हता. मी हात दाखवेपर्यंत तो बसून होता. मग उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटीला फोन केला. हल्ली ती आईला फोन करते, मला मी केला तरच. म्हणालो, "सांगितला. खरा."

"काय म्हणाले?"

"हसले."

"आणि तू?"

मी खोकलो. ती मला लहानपणापासून ओळखते.

"मग लिहून काढ," ती म्हणाली. "कागदावर तुला खुर्चीवर चढता येणार नाही."

म्हणून खाली बसून लिहिलं आहे. माइक चालू नव्हता. तिचा आवाज बसला नव्हता. तो त्या दिवशी लागला होता, पूर्ण, आणि तो ऐकू न देणारा मी होतो.